चार आकड्यांच्या पुढे

मुंबईत मशीद बंदरच्या अंगानं नागदेवी स्ट्रीटमध्ये शिरलं, की दोन्ही बाजूंना हत्यारं, पंप, पट्टे, साखळ्या आणि बेअरिंग यांची दुकानं लागतात. इथलं गिऱ्हाईक बऱ्याचदा हातात एक चिंधी घेऊन येतं. चिंधीत ग्रीसनं माखलेलं जुनं बेअरिंग असतं. दुकानदार त्याची कड अंगठ्यानं पुसतो, उजेडात धरून कोरलेला नंबर वाचतो आणि फळीवरून नवा खोका काढतो. ६२०५, ६३०६, ६३०८. पाच मिनिटांत व्यवहार उरकतो आणि माणूस घाईनं परततो, कारण तिकडे कारखान्यात मशीन बंद पडलेलं असतं.

पुण्यात, कोल्हापुरात, नाशकात, जिथे जिथे कारखाने आहेत तिथे खरेदीची रीत हीच आहे. तिच्यात एक मोठी गफलत आहे. जुन्या बेअरिंगवरचा नंबर एवढंच सांगतो, की त्या जागी काय बसवलं होतं. ते तिथे बसवायला योग्य होतं का, याबद्दल तो काहीच सांगत नाही. मागच्या वेळी कुणी हाताला लागेल ते बसवून मशीन चालू केलं असेल, तर ती चूक नंबराबरोबर पुढच्या बेअरिंगकडे जाते, आणि त्याच्याही पुढच्या.

बेअरिंगची निवड मशीनच्या कामापासून सुरू व्हायला हवी. भार किती आणि कोणत्या दिशेनं, वेग किती, शाफ्ट फिरतो की बेअरिंगला बाहेरून धरणारं हाउसिंग, तापमान कुठवर चढतं, भोवती धूळ आहे की पाणी, आणि मशीन वर्षातून किती तास चालतं. नंबर म्हणजे या सगळ्या प्रश्नांचं उत्तर. चार आकड्यांत ते अर्धंच मावतं. उरलेलं अर्धं पुढच्या अक्षरांत, शाफ्टच्या मापात आणि ग्रीसच्या डब्यात असतं.

चाळीसचा शाफ्ट, तीन बेअरिंगं

६३०८ हा नंबर घेऊ. पहिला ६ म्हणजे डीप ग्रूव्ह बॉल बेअरिंग, खोल खोबणीचं, आतल्या आणि बाहेरच्या कडीमध्ये एका ओळीत गोळ्या असलेलं. दुसरा ३ ही मालिका. बाहेरचा व्यास आणि रुंदी किती भरभक्कम आहे ते तिच्यावरून कळतं. शेवटच्या ०८ ला पाचानं गुणलं की आतलं भोक मिळतं, ४० मिलिमीटर. ०४ पासून पुढे हा गुणाकार चालतो. त्याआधीचे चार अपवाद फिटर लोकांना तोंडपाठ असतात: ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५ आणि ०३ म्हणजे १७ मिलिमीटर. घरच्या छताच्या पंख्यात ६२०१ आणि ६२०२ सर्रास सापडतात.

चाळीसच्याच शाफ्टवर तीन वेगवेगळी बेअरिंगं बसू शकतात. ६००८ चा बाहेरचा व्यास ६८ आणि रुंदी १५ मिलिमीटर. ६२०८ चा ८० आणि १८. ६३०८ चा ९० आणि २३. ही मापं आंतरराष्ट्रीय मानकानं बांधून दिलेली आहेत, म्हणून जर्मनीहून आलेल्या मोटरमधलं बेअरिंग गेलं तर त्या जागी जयपूरचं किंवा चिंचवडचं बेअरिंग बिनदिक्कत बसतं. जयपूरला १९४६ मध्ये नॅशनल बेअरिंग कंपनी उभी राहिली. ‘एनबीसी’ ही तिची अक्षरं आजही खोक्यांवर दिसतात. १९६० च्या दशकात स्वीडनच्या एसकेएफनं चिंचवडला आणि जर्मनीच्या एफएजीनं बडोद्याला कारखाने काढले. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीची उद्योगवसाहत वाढली, त्या काळात हा सुटा भाग शेजारीच तयार होत होता.

भोक जुळतं म्हणून बेअरिंगही सारखं झालं, असा समज मात्र महागात पडतो. खरा फरक भार पेलण्याच्या क्षमतेत आहे, आणि ती क्षमता कुठून येते हे कळायला बेअरिंगच्या आत डोकावावं लागतं.

आठ गोळ्यांवरचा भार

गोळ्यांवर काहीतरी फिरवण्याची कल्पना जुनी आहे. वेल्समधल्या फिलिप वॉन यानं १७९४ मध्ये गाडीच्या आसासाठी बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं होतं. अडचण कल्पनेची नव्हती, गोळ्यांची होती. एका बेअरिंगमधली एक गोळी इतरांपेक्षा जराशी मोठी असली की जास्तीत जास्त भार तिच्यावर येतो आणि ती आधी फुटते. जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावात फ्रीडरिश फिशर यानं १८८३ मध्ये पोलादी गोळ्या एकसारख्या घासून काढणारं यंत्र बनवलं आणि हा उद्योग खऱ्या अर्थानं सुरू झाला. पुढे श्वाइनफुर्ट इतकं मोलाचं ठरलं, की दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी विमानांनी १९४३ च्या १७ ऑगस्टला आणि १४ ऑक्टोबरला तिथल्या बेअरिंगच्या कारखान्यांवर बॉम्ब टाकले. १४ ऑक्टोबरच्या एका दिवसात अमेरिकेनं ६० बॉम्बफेकी विमानं गमावली. बेअरिंगं थांबली की रणगाडे, विमानं, तोफा सगळंच थांबेल, हा त्यामागचा हिशेब होता.

आज मोटरीत दिसतं ते रूप रॉबर्ट कॉनरॅडच्या १९०३ च्या पेटंटातून आलं. त्याआधी गोळ्या आत घालण्यासाठी कडीच्या काठाला खाच ठेवावी लागे आणि बाजूनं जोर आला की ती खाच घात करी. कॉनरॅडनं आतली कडी एका बाजूला सरकवली, समोर पडलेल्या चंद्रकोरीसारख्या फटीत गोळ्या भरल्या, कडी पुन्हा मध्यावर आणली, गोळ्या सगळीकडे सारख्या पसरल्या आणि केजनं, म्हणजे पिंजऱ्यानं, त्यांना जागच्या जागी धरलं. कुठेही खाच नाही. दोन्ही काठ अखंड राहिल्यामुळे हे बेअरिंग आडव्या भाराबरोबर शाफ्टच्या दिशेचा जोरही दोन्ही बाजूंनी घेतं. स्वस्त, शांत, वेगवान आणि दोन्ही दिशांचं काम करणारं असल्यामुळेच ते जगात सर्वांत जास्त वापरलं जातं.

या बांधणीची किंमतही आहे. त्या फटीत मावतील तितक्याच गोळ्या घालता येतात. ६३०८ मध्ये त्या आठच असतात, प्रत्येकी सुमारे १५ मिलिमीटरच्या. शिवाय भार आठही गोळ्यांत सारखा वाटला जात नाही. बर्लिनजवळच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्ट्रिबेक यानं १९०० च्या आसपास केलेल्या चाचण्यांनी दाखवून दिलं, की भाराच्या बरोबर खाली येणाऱ्या गोळीवर सरासरीच्या सुमारे पाचपट ओझं असतं. वरच्या अर्ध्यातल्या गोळ्या त्या क्षणी रिकाम्या फिरतात. एकदा खाली, एकदा वर. प्रत्येक फेरीत पोलाद दाबलं जातं आणि सुटतं. कोट्यवधी वेळा असं झालं की पृष्ठभागाखाली सूक्ष्म भेग पडते, ती वर येते आणि खोबणीतून पापुद्रा निघतो. फिटर म्हणतो, “बेअरिंग खरखरतंय.”

घनाचा हिशेब

हा थकवा किती फेऱ्यांनंतर येईल, याचा अंदाज बांधता येतो. एसकेएफमधल्या आर्विड पाल्मग्रेन यानं १९२४ मध्ये त्याचा पाया घातला आणि १९४७ मध्ये गुस्ताफ लुंडबर्गबरोबर तो सिद्धांत पूर्णत्वाला नेला. आजचं आंतरराष्ट्रीय मानक त्यावरच उभं आहे. सूत्र छोटं आहे: बेअरिंगच्या कॅटलॉगमध्ये दिलेल्या गतिक क्षमतेला प्रत्यक्ष भारानं भागायचं आणि येणाऱ्या आकड्याचा घन करायचा. उत्तर दशलक्ष फेऱ्यांत मिळतं. एकसारखी बेअरिंगं एकसारखी चालवली तरी सगळी एकदम जात नाहीत, म्हणून हे आयुष्य शंभरांतली नव्वद बेअरिंगं गाठतील असं धरलेलं असतं. निम्मी बेअरिंगं त्याच्या सुमारे पाचपट टिकतात.

एक पंखा घेऊ. शाफ्ट चाळीसचा, वेग मिनिटाला १,४५० फेरे, पट्ट्याच्या ओढीमुळे पुलीकडच्या बेअरिंगवर ३ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलोचा भार. कॅटलॉगमध्ये उत्पादकागणिक थोडा फरक असतो, पण ६००८ ची क्षमता साधारण १७.८, ६२०८ ची ३२.५ आणि ६३०८ ची ४२.३ किलोन्यूटन धरता येते. हिशेब केला तर ६००८ चं आयुष्य येतं सुमारे २,४०० तास, ६२०८ चं १४,६०० तास आणि ६३०८ चं ३२,२०० तास. दिवसरात्र चालणाऱ्या पंख्यात पहिलं शंभर दिवसांत जाईल, दुसरं वीस महिने चालेल, तिसरं साडेतीन वर्षं ओलांडेल. शाफ्ट तोच, भोक तेच, आणि आयुष्यात तेरापट फरक.

आठ तासांची पाळी चालवणाऱ्या यंत्रांसाठी १०,००० ते २५,००० तास आणि अखंड चालणाऱ्यांसाठी ४०,००० ते ५०,००० तास असं लक्ष्य सर्वसाधारणपणे धरतात. म्हणजे आपल्या पंख्याला ६३०८ ही थोडं कमीच पडतं. नवं मशीन आखतानाच शाफ्ट ४५ चा केला आणि ६३०९ घेतलं, तर त्याच भाराखाली ७२,००० तास मिळतात.

मशीन आधीच उभं असेल तर भार कमी करण्याचा रस्ता राहतो, आणि तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. मोटरीची शक्ती आणि वेग तेवढेच ठेवून दोन्ही पुल्या वीस टक्क्यांनी मोठ्या केल्या तर पट्ट्याची ओढ त्याच प्रमाणात उतरते. घनामुळे बेअरिंगचं आयुष्य १.७ पट होतं. ३२,२०० तासांचे ५५,००० च्या वर जातात. उलट दिशेनंही हा घन तितकाच कडक आहे. पट्टा घसरतोय म्हणून फिटरनं तो जरा जास्त ओढला आणि भार २५ टक्क्यांनी वाढला, तर आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. बेअरिंग बदलण्यावर पैसे घालण्याआधी पट्ट्याचा ताण मोजणं कितीतरी स्वस्त आहे.

इतकं ऐकल्यावर सगळीकडे मोठंच बेअरिंग बसवावं असं वाटेल. तेही चालत नाही. गोळ्या घरंगळण्यासाठी त्यांच्यावर थोडा तरी भार लागतो. बॉल बेअरिंगसाठी ढोबळ नियम असा, की भार क्षमतेच्या एक टक्क्याखाली जाऊ नये. ६३०८ साठी तो ४२ किलोच्या आसपास येतो. त्याहून कमी भारावर वेगानं फिरताना गोळ्या घसरतात, ग्रीसचा पापुद्रा फाटतो आणि खोबणीवर ओरखडे उठतात. हलक्या भाराच्या यंत्रात थोराड बेअरिंग घातलं की ते याच कारणानं लवकर जातं.

सी३ चं महत्त्व

आता नंबरापुढची अक्षरं. त्यांतलं सर्वांत निर्णायक म्हणजे सी३. नव्या बेअरिंगच्या आत गोळ्या आणि कड्या यांच्यात मुद्दाम थोडा ढिलेपणा ठेवलेला असतो. कारखान्यात त्याला क्लिअरन्स किंवा प्ले म्हणतात. चाळीसच्या भोकासाठी साध्या बेअरिंगमध्ये तो ६ ते २० मायक्रॉन असतो, सी३ मध्ये १५ ते ३३. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून ही मापं किती बारीक आहेत ते ध्यानात येईल. त्यांच्यावर मोटरीचं आयुष्य अवलंबून असतं.

मोटरीच्या शाफ्टवर बेअरिंग घट्ट बसवावं लागतं. के६ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या मापानं चाळीसचा शाफ्ट २ ते १८ मायक्रॉन मोठा घासलेला असतो आणि बेअरिंगचं भोक शून्य ते १२ मायक्रॉन लहान असतं. सरासरी १६ मायक्रॉनची घट्ट बैठक झाली. तिच्यामुळे आतली कडी फुगते आणि प्लेमधले सुमारे १२ मायक्रॉन खाल्ले जातात. मोटर चालू झाल्यावर आतली कडी बाहेरच्या कडीपेक्षा जास्त तापते, कारण बाहेरची कडी हाउसिंगला चिकटून थंड राहते. दोघींत दहा अंशांचा फरक पडला तरी आणखी नऊ मायक्रॉन जातात. एकूण २१ मायक्रॉन. साध्या बेअरिंगमध्ये सरासरी १३ मायक्रॉनच होते, म्हणजे प्ले संपून गोळ्या आवळल्या गेल्या. त्या आवळल्या की अधिक उष्णता, अधिक फुगणं आणि अधिक आवळणं हे चक्र सुरू होतं. सी३ मध्ये सरासरी २४ मायक्रॉन होते. तीन शिल्लक राहिले आणि गोळ्या मोकळ्या फिरत राहिल्या.

दुकानात “६३०८ द्या” एवढंच सांगितलं तर खोक्यात यांतलं कुठलंही येऊ शकतं. दोन्ही दिसायला सारखी, किमतीतही फारसा फरक नसलेली. एक मोटरीत वर्षानुवर्षं चालेल, दुसरं दोन आठवड्यांत हाताला चटका देईल. याचा अर्थ सगळीकडे सी३ लावावं असाही नाही. लेथच्या स्पिंडलसारख्या अचूक जागी जास्तीचा प्ले थरथर निर्माण करतो.

झाकणांची अक्षरं कंपनीगणिक बदलतात. पत्र्याची झाकणं कुणी २झेड लिहितं, कुणी झेडझेड. घासणारी रबरी सील एसकेएफकडे २आरएस१ असते, एनएसकेकडे डीडीयू, एनटीएनकडे एलएलयू. पत्र्याचं झाकण आतल्या कडीला टेकत नाही; मोठी धूळ अडते, बारीक पूड आणि पाणी अडत नाही. रबरी सील टेकते, त्यामुळे संरक्षण चांगलं मिळतं, पण घर्षणही येतं. तिच्यामुळे वेगाची मर्यादा उघड्या बेअरिंगच्या निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली उतरते, आणि नेहमीचं नायट्राइल रबर १०० अंशांच्या पुढे टिकत नाही.

केजही पाहावा लागतो. काहीच लिहिलं नसेल तर तो बहुधा दाबलेल्या पत्र्याचा असतो आणि बहुतेक कामांना पुरतो. काचतंतू घातलेल्या नायलॉनचा केज हलका आणि शांत असतो, मात्र १२० अंशांजवळच्या सततच्या उष्णतेत ठिसूळ होतो. भट्टीजवळच्या पंख्यात असं बेअरिंग केवळ स्टोअरमध्ये पडून होतं म्हणून बसवलं, तर एक दिवस गोळ्या वेगळ्या आणि केजचे तुकडे वेगळे हातात येतात.

शाफ्ट, हाउसिंग आणि हातोडा

जी कडी भाराच्या दिशेच्या तुलनेत फिरते ती घट्ट बसवायची, जी स्थिर असते ती थोडी मोकळी. मोटरीत आतली कडी फिरते, म्हणून शाफ्टवर घट्ट बैठक आणि हाउसिंगमध्ये एच७ सारखी सैल. गाडीच्या मोकळ्या चाकात उलट: बाहेरची कडी फिरते, तीच घट्ट हवी. हे चुकलं की कडी आपल्या जागी हळूहळू सरकत फिरते आणि शाफ्ट खाल्ला जातो. मग शाफ्टवर पंचानं टिंब मारून किंवा पत्र्याची पट्टी घालून बेअरिंग “टाइट” करण्याची पद्धत छोट्या वर्कशॉपांत आजही चालते. त्या टिंबांची टोकं काही तासांत दबतात आणि कडी पुन्हा सुटते. शाफ्टवर धातू चढवून तो पुन्हा मापाला घासून घेणं हाच टिकाऊ इलाज आहे.

एका शाफ्टवर दोन बेअरिंगं असली तर एकच जागेवर बांधायचं, दुसऱ्याला हाउसिंगमध्ये सरकायला वाव द्यायचा. एक मीटरचा पोलादी शाफ्ट चाळीस अंशांनी तापला तर जवळजवळ अर्धा मिलिमीटर लांबतो. दोन्ही बेअरिंगं दोन्हीकडून आवळली असतील तर त्या लांबीला जायला जागा उरत नाही आणि सगळा जोर गोळ्यांवर येतो.

सरळपणाच्या बाबतीतही हे बेअरिंग हट्टी आहे. त्याला दोन ते दहा कोनीय मिनिटांइतकाच तिरकेपणा सोसतो. दोन मिनिटं म्हणजे मीटरभर लांबीत जेमतेम ०.६ मिलिमीटर. स्वीडनमधल्या गोटेनबर्गच्या एका कापड गिरणीत भुसभुशीत जमिनीमुळे शाफ्टच्या रांगा सरकत आणि बेअरिंगं सारखी जात. तिथल्या स्वेन विंगक्विस्ट या इंजिनिअरनं १९०७ मध्ये आपोआप जुळवून घेणारं दोन ओळींचं बेअरिंग काढलं, आणि त्यातूनच एसकेएफ जन्मली. जिथे पाया हलतो, शाफ्ट लांब आहे किंवा हाउसिंगं वेगवेगळी बोल्ट केलेली आहेत, तिथे आजही ६ च्या मालिकेऐवजी त्या जातीकडे वळायला हवं. खडी फोडणाऱ्या क्रशरसारख्या धक्क्याच्या कामाला स्फेरिकल रोलर, आणि उभ्या पंपासारख्या शाफ्टच्या दिशेनं मोठा जोर येणाऱ्या कामाला अँग्युलर कॉन्टॅक्ट. डीप ग्रूव्हचा मोह टाळणं हाही निवडीचाच भाग आहे.

आणि मग हातोडा. बेअरिंगची स्थिर क्षमता ज्या भारावर ठरवतात, त्या भारानं गोळी आणि खोबण यांच्यात गोळीच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतका कायमचा खळगा पडतो. ६३०८ मध्ये दीड मायक्रॉन. बाहेरच्या कडीवर हातोडा मारून आतली कडी शाफ्टवर चढवली, तर तो दणका गोळ्यांतून जातो आणि याहून खोल खळगे पहिल्याच दिवशी पडतात. जोर नेहमी घट्ट बसणाऱ्या कडीवरच द्यावा. त्याहून बरं म्हणजे इंडक्शन हीटर. बेअरिंग ३० अंशांवरून ११० अंशांपर्यंत तापवलं की चाळीसचं भोक ३८ मायक्रॉननं मोठं होतं. वरच्या उदाहरणातली घट्टातली घट्ट बैठक ३० मायक्रॉनची होती. बेअरिंग हातानं सरकतं, ठोकण्याची गरजच पडत नाही.

साखर, वाळू आणि वीज

महाराष्ट्रातला साखर कारखाना ही बेअरिंगची वेगळीच परीक्षा आहे. दीडशे दिवसांचा गळीत हंगाम, चोवीस तास चाललेलं मशीन, म्हणजे वर्षाला ३,६०० तास. आपल्या पंख्यातलं ६३०८ कागदावर जवळजवळ नऊ हंगाम चालायला हवं. प्रत्यक्षात ते अनेकदा तिसऱ्या-चौथ्या हंगामाच्या सुरुवातीलाच ओरडू लागतं. कारण हंगामात नसतं, हंगामाबाहेरच्या सात महिन्यांत असतं. धुलाईचं पाणी सीलजवळ शिरतं, पावसाळ्याची दमट हवा ग्रीसमध्ये मुरते आणि न हलणाऱ्या गोळ्यांखाली गोळ्यांच्याच अंतरावर गंजाचे डाग पडतात. शेजारचं यंत्र चालू असेल तर त्याच्या थरथरीनं थांबलेल्या बेअरिंगमध्ये तशाच अंतरावर खळगे उठतात. म्हणून हंगाम संपताना ताजं ग्रीस भरून जुनं ओलं ग्रीस बाहेर काढणं आणि बंद काळात शाफ्ट अधूनमधून हातानं फिरवून वेगळ्या जागी थांबवणं, हे निवडीइतकंच महत्त्वाचं ठरतं. अशा जागी पत्र्याच्या झाकणापेक्षा रबरी सील घेतलेली बरी.

कोल्हापूरकडच्या फाउंड्रीत शत्रू म्हणजे वाळू. सिलिका वाळूचा कण बेअरिंगच्या पोलादापेक्षा कठीण असतो. तो आत शिरला की खोबणीत रुततो, खळगा पडतो, खळग्याच्या काठावर ताण साचतो आणि घनाच्या सूत्रातले तास बाजूला राहतात. सँड मिलजवळच्या मोटरीला सील असलेलं बेअरिंग आणि बाहेरून आणखी एक आडोसा लागतो. इचलकरंजीच्या मागांवर वाळूची जागा सुताचे तंतू घेतात. ते ग्रीसमधलं तेल शोषतात आणि शाफ्टभोवती गुंडाळले जाऊन झाकणाच्या फटीत घुसतात.

ग्रीसच्या बाबतीत जास्त म्हणजे चांगलं ही समजूत खोलवर रुजली आहे. बेअरिंगमधल्या मोकळ्या जागेचा साधारण तिसरा भाग भरला की बहुतेक कामांना पुरतो. ठासून भरलं तर गोळ्या ग्रीस घुसळत राहतात आणि तापतात. ७० अंशांच्या पुढे तापमान दर पंधरा अंशांनी वाढलं की ग्रीसचं आयुष्य निम्मं होतं. दोन जातींचं ग्रीस मिसळणंही धोक्याचं आहे: मोटरीच्या बंद बेअरिंगांत पुष्कळदा पॉलियुरियाचं ग्रीस असतं, स्टोअरमधल्या डब्यात लिथियमचं, आणि काही जोड्या एकत्र आल्या की पातळ होऊन वाहून जातात.

गेल्या काही दशकांत एक नवा शत्रू आला आहे: वीज. मोटरीचा वेग बदलण्यासाठी व्हीएफडी बसवले जातात. वीजबचतीसाठी ते उत्तमच आहेत. पण त्यांच्या वेगवान स्विचिंगमुळे शाफ्टवर व्होल्टेज साचतं आणि ते बेअरिंगमधल्या ग्रीसच्या पातळ थरातून ठिणगीसारखं उतरतं. प्रत्येक ठिणगी पोलादाचा एक सूक्ष्म बिंदू वितळवते. काही महिन्यांत खोबणीवर धुण्याच्या फळीसारखे आडवे पट्टे उमटतात आणि मोटर घूं घूं करू लागते. अशा मोटरीत तेच ६३०८ सी३ पुन्हा पुन्हा बसवून उपयोग नाही. बाहेरून विद्युतरोधक थर दिलेलं बेअरिंग, सिलिकॉन नायट्राइडच्या गोळ्यांचं हायब्रिड किंवा शाफ्टवर जमिनीशी जोडलेला ब्रश, यांतलं काहीतरी निवडावं लागतं. व्हीएफडी बसवण्याच्या अंदाजपत्रकात हा खर्च बहुधा धरलेला नसतो.

मेलेलं बेअरिंग वाचणं

या सगळ्याची खबर गेलेल्या बेअरिंगमध्येच लिहिलेली असते, आणि तेच सर्वांत आधी भंगारात जातं. ते काढण्यापूर्वी बाहेरच्या कडीवर वरच्या बाजूला खूण करावी, म्हणजे भार कुठून येत होता ते नंतर कळतं. मग कडी कापून खोबण उजेडात पाहावी. बाहेरच्या कडीच्या खालच्या भागात, मध्यावर, एकसारखा चकचकीत पट्टा म्हणजे काम नीट चाललं होतं. पट्टा कडीभर आणि रुंद म्हणजे प्ले संपला होता. एका काठाकडे सरकलेला म्हणजे बाजूनं जोर आला होता. तिरका म्हणजे शाफ्ट आणि हाउसिंग एका रेषेत नव्हते. गोळ्यांच्या अंतरावर खळगे म्हणजे हातोडा किंवा थांबलेल्या काळातली थरथर. तपकिरी, जळलेलं ग्रीस म्हणजे उष्णता. भोकाच्या आत लालसर पूड म्हणजे बैठक सैल होती.

हे दहा मिनिटांचं काम आहे आणि खोबण वाचायला भिंग सोडून कुठलंही यंत्र लागत नाही. मोठ्या कारखान्यांत कंपनं मोजणारी उपकरणं असतात, ती बेअरिंग जाण्याआधी सावध करतात. पण कारण सांगायला शेवटी ही खोबणच बोलते. नकली माल मात्र खरेदीच्या वेळीच पकडावा लागतो. बनावट खोका हुबेहूब असू शकतो, म्हणून अधिकृत विक्रेत्याचं बिल आणि कंपनीच्या मोबाइल ॲपवरची तपासणी या दोन गोष्टी खरेदीच्या नियमातच घातलेल्या बऱ्या.

मग स्टोअरकडे जाणाऱ्या इंडेंटवर, म्हणजे मागणीपत्रावर, ‘बेअरिंग ६३०८, २ नग’ या ओळीच्या जागी अशी ओळ येते: ‘ब्लोअर क्र. ४, पुलीकडचं बेअरिंग. ६३०८, दोन्ही बाजूंनी रबरी सील, सी३, पत्र्याचा केज. शाफ्ट मोजला, के६ मध्ये आहे. मोटर व्हीएफडीवर नाही. मागचं बेअरिंग १४ महिने चाललं, खोबणीवर सगळीकडे रुंद पट्टा, त्यावर सी३ नव्हतं. पट्ट्याचा ताण मोजून सैल केला.’ ती लिहिणारा फिटर असो, सुपरवायझर असो की स्टोअरकीपर, पुढच्या वेळी त्या मशीनसाठी दुकानात जाणाऱ्या माणसाच्या हातात जुनं बेअरिंग नसलं तरी चालेल.